काळधोंडच्या धक्क्यावरची आत्या

"रानात कुणाला हाक मारायची तर तीनदा मारा हां ताई," पुतळी म्हणाली होती. "एकदा-दोनदा मारून गप नका बसू."

मी तेव्हा ओट्याशी उभी राहून राजसीच्या डब्यात पराठ्याचे तुकडे भरत होते, आणि डब्याचं झाकण सापडत नव्हतं. "बरं बरं," म्हटलं. "ते निळं झाकण बघ ना जरा, फ्रीजवर ठेवलंय का मी." झाकण मिळालं. पुतळी चप्पल घालून निघून गेली. ती असं काहीतरी नेहमीच सांगते. तिन्हीसांजेला बाळाचे कपडे बाहेर ठेवू नका, पाळणा रिकामा हलवू नका. पहिल्या वर्षी मी तिच्याशी वाद घालायचे. मग सोडून दिलं.

पुतळी आमच्याकडे राजसीला सांभाळायला येते. राजसी, आमची राजू, आता चार वर्षांची आहे, म्हणजे तिचं जवळजवळ सगळं आयुष्य पुतळीच्या कडेवर गेलं. ती टेपवाडीची. बदलापूरची खरवई संपते, नवीन टॉवर संपतात, पुढे रिक्षावाले "आगे नहीं जाएगा" म्हणतात, तिथून वर चालत गेलं की टेपवाडी. आणि टेपवाडीच्या वर काळधोंड.

काळधोंडला पूर्वी दगडाची खाण होती. ब्रिटिशांच्या काळी खाणीतला दगड खाली आणायला छोटी रेल्वे टाकली होती म्हणतात. खाण बंद पडली, रूळ उचलून नेले. आता गवताने झाकलेला लाइनीचा बांध आहे, एक आखूड बोगदा आहे, इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचे चार दगडी खांब आहेत, आणि मालधक्का. धक्क्याच्या टोकाला एक खोली. आमच्या सोसायटीतला कल्पेश दर महिन्याला असं काहीतरी शोधून काढतो आणि ग्रुपवर टाकतो.

"आगगाडीला चढ झेपत नाही," त्याने लिहिलं होतं, "त्यामुळे वाट एकदम सपाट. लहान मुलांना बेस्ट."

मला हे पटलं, आणि सोसायटीतल्या चार-पाच घरांबरोबर आम्हीही निघालो. मी सावध आई आहे असं सगळेच म्हणतात. काही जण कौतुकाने, समीर दमून. समीर माझा नवरा. बॅगेत ओआरएस, डासांचं मलम, दोन जादा सॉक्स, बँडेज, टॉर्च. राजसीच्या गळ्यात केशरी शिट्टी. तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने माझा नंबर.

"अनू, तू पूरा मेडिकल स्टोअर उठाके लाई है क्या?" सोनिया म्हणाली. सोनिया माझी कॉलेजातली मैत्रीण, उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये राहते. सकाळी सकाळी गरम कोकी, म्हणजे जाड सिंधी रोट्या, फॉइलमध्ये गुंडाळून ती बदलापूरला हजर होती. "अगं बेबीला श्वास तरी घेऊ दे!"

"घेतेय ना श्वास. शिट्टीतून घेतेय," समीर म्हणाला. राजसीने लगेच शिट्टी वाजवून दाखवली. सगळे हसले.

नवरात्र नुकतंच सरलं होतं. वाट खरंच सुंदर होती, हे मला आजही कबूल आहे. बांधाच्या दोन्ही बाजूंना सोनकी पिवळीधमक. लांबवर चंदेरीचा सुळका, त्याच्या डोक्यावर कापसाएवढा ढग. मागे वळून पाहिलं तर आमच्या बिल्डिंगवरची निळी टाकी ओळखू येत होती, आणि मला ती दिसत असेपर्यंत बरं वाटत होतं. एका वळणानंतर ती दिसेनाशी झाली.

बोगद्याशी कल्पेशने सगळ्यांना गोल उभं केलं. त्याने कुठल्याशा शिबिरात रेस्क्यूचं ट्रेनिंग घेतलंय. "कुणी चुकलं तर गोंधळ घालायचा नाही," तो म्हणाला. "सगळ्यांनी एकदम बोंबलायचं नाही. एकाने हाक मारायची, फक्त दोनदा. मग सगळे गप्प. कान द्यायचा. उत्तर नाही आलं, तर पुढच्याने दोनदा. क्लिअर?"

"क्लिअर सर!" पोरं ओरडली. मला तर फार आवडलं. कुणीतरी आधीच विचार करून ठेवलाय, असं वाटलं.

बोगदा ओलांडला की मालधक्का. त्याच्या खाली, जिथे पूर्वी गाड्या उभ्या राहत असतील त्या सपाटीवर, कुणीतरी भात लावलं होतं. लोंब्या भरल्या होत्या, रंग उतरत चालला होता. धक्क्यावर एक कोंबडी आणि तिची पिल्लं. खोलीच्या दाराला गंजलेलं कुलूप लटकत होतं. कल्पेश म्हणाला, गाववाले सामान ठेवत असतील.

मला आणि सोनियाला जरा आडोशाला जायचं होतं. मी राजसीचा हात समीरच्या हातात दिला. नुसतं "बघ हं" म्हटलं नाही, हातात हात दिला. टाकीच्या खांबांमागे गेलो, आलो. समीर कल्पेशचा व्हिडिओ काढत होता, दोन्ही हातांनी फोन धरून.

"राजसी?"

"आहे ना, इथेच." त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. मग पायाशी पाहिलं. मग माझ्याकडे.

पुढचं मी आता ओळीने लिहिते आहे, पण तेव्हा काहीच ओळीने झालं नाही. कल्पेशने हात वर केला. तो दोनदा ओरडला, "राजसीऽ, राजसीऽ." मग सगळे गप्प. गवताची सळसळ. समीरने दोनदा. गप्प. सोनियाने दोनदा, "बेबीऽ! बेबीऽ!" गप्प. बोगद्याकडे गेलेल्या दोघांनी तिकडून दोनदा. कुणाच्या तरी आईने दोनदा. प्रत्येक वेळी ती शांतता लांबत गेली. कल्पेशच्या ट्रेनिंगप्रमाणे सगळं बरोबर चाललं होतं, आणि माझी मुलगी उत्तर देत नव्हती. तिच्या गळ्यात शिट्टी होती. शिट्टीही वाजत नव्हती. मला दिसत होतं ते फक्त बोगद्याचं तोंड, आणि पलीकडे खाणीची कडा.

माझी पाळी आली. "राजसीऽ! राजसीऽ!"

कल्पेशने ओठांवर बोट ठेवलं. मी थांबले. खरंच थांबले, कारण तो सांगत होता आणि मला काही कळत नव्हतं. पण लगेच मी पुन्हा किंचाळले, "राजूऽऽ!"

खोलीचं दार उघडलं.

कुलूप नुसतंच कडीत अडकवलेलं होतं, दार आतून लावलेलं. आतून एक म्हातारी बाहेर आली. बुटकी, काळी, गुडघ्यापर्यंत नेसलेलं विटकं लुगडं. तिच्या कडेवर राजसी. म्हातारीचा एक तळवा राजसीच्या तोंडावर दाबलेला. दुसऱ्या मुठीत केशरी शिट्टी, तुटलेल्या दोरीसकट.

तिने माझ्याकडे पाहून तळवा काढला. "ही घे तुझी," म्हणाली. "आई हायेस ना? मंग मघाच मारायचीस की तिसरी."

मी राजसीला ओढून घेतलं. तेवढं ओढायची गरज नव्हती, ती देतच होती. मागून कल्पेश ओरडला, "कौन है तू? मुंह क्यों दबाया बच्ची का?" त्याचा फोन समोर धरलेला होता. कुणीतरी म्हातारीच्या हातातून शिट्टी हिसकावली. कुणीतरी ढकललं असेल, किंवा ती स्वतःच मागे सरली असेल, मला माहीत नाही. ती उंबऱ्यावर बसली. पिल्लं विखुरली होती, ती त्यांच्याकडे बघत होती. राजसी रडत होती, पण दार उघडलं तेव्हा ती रडत नव्हती. हे मला नंतर आठवलं. आम्ही जवळजवळ पळतच खाली आलो.

त्या रात्री मी राजसीला विचारलं, "आजीने काय केलं?"

"श्श केलं."

"तुला दुखलं?"

"नाही. तिच्या हाताला कांद्याचा वास होता."

"तू आत कशी गेलीस?"

"पिल्लू गेलं म्हणून."

सकाळी परत विचारलं, तर म्हणाली आजीने उचलून नेलं. दुपारी म्हणाली आजीकडे वाघ आहे. समीर म्हणाला, "अनू, तिला विचारून विचारून तूच गोष्ट बनवतेयस." त्यालाही झोप लागत नव्हती, पण तो ते कबूल करणार नव्हता. मला एकच समजत नव्हतं. न्यायचीच होती तर ती बाहेर का आली? मागे खिडकी होती, रान होतं. आणि द्यायचीच होती तर इतका वेळ तोंड दाबून का बसली?

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र कुणाला काही प्रश्न नव्हता. कल्पेशने व्हिडिओ टाकला होता. त्यात दार उघडताना दिसत नाही. मी मुलीला ओढते इथपासूनच सुरू होतो. ओढाताण, म्हातारीच्या मुठीतली शिट्टी, कल्पेशचा आवाज. खाली जोडलेल्या हातांचे, संतापलेल्या चेहऱ्यांचे इमोजी. "सावध आईला सलाम." मी लिहिलं की नक्की काय झालं ते आम्हालाही कळलेलं नाही, कृपया पुढे पाठवू नका. उत्तर आलं, "ताई तुम्ही फारच साध्या आहात."

दोन-तीन दिवसांत तोच व्हिडिओ माझ्या अंबरनाथच्या मावशीने मला पाठवला. वर लिहिलं होतं, 'बदलापूर परिसरात मुलं पळवणाऱ्या टोळीतली म्हातारी. ओळखा. सोडू नका.' खाली मावशीचं स्वतःचं वाक्य, "आपल्या राजूला जप गं बाई." व्हिडिओत राजूच आहे हे तिला ओळखू आलं नव्हतं. माझी पाठही ओळखू आली नव्हती.

पुतळी त्या आठवड्यात आली नाही. फोन बंद. मला वाटलं, ताप असेल. मग एका सकाळी बेल वाजली. दारात उभी. आत येईना.

"ये ना गं. राजू तुझं नाव घेऊन बसलीये."

"ताई, ती माझी आत्या हाये."

"कोण?"

"विठाआत्या. तुमच्या फोनातली."

मी तिचा हात धरून आत आणलं. राजसीने तिच्या पायांना मिठी मारली. पुतळीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग हात मागे घेतला, माझ्याकडे बघून. तो हात मागे घेणं मला फार लागलं.

"पुतळी, तिने राजूचं तोंड का दाबलं? मला फक्त एवढं सांग."

"तुमी किती हाका मारल्या?"

"किती म्हणजे? सगळ्यांनी मारल्या. सगळे ओरडत होते."

"एकाएकाने किती?"

"दोन," मी म्हणाले. "दोन दोन. तसा नियम होता."

पुतळीने कपाळावर हात मारून घेतला. "अगो बाय. मी सांगतलं होतं ना ताई तुमाला!"

"तू काय सांगितलंस, का सांगितलंस, मला काही..."

"रानात चकवा असतो. तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो. आईच्या, बापाच्या, कुणाच्या पण. तो वाट चुकवतो, कड्यावर नेतो. पण त्याला दोनच हाका येतात. तिसरी येत नाय. म्हणून आमच्यात तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची नाय. पोरं चालाया लागली की पयलं हेच शिकवतात. तुमची पोर शिकलेली नाय, ती ओ देणार. म्हणून आत्यानं तोंड धरलं."

"आणि शिट्टी?"

"शिट्टी तर कंदीच नाय वाजवायची. त्याला कळतं आपण कुठं बसलोय."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. ती खोली माझ्या डोळ्यांसमोर आली, बाहेरून नाही, आतून. अंधार, मांडीवर कुणाची तरी चुकलेली पोर. आणि बाहेर एकामागून एक आवाज. पुरुषाचा, बाईचा, हिंदी, मराठी, बोगद्याकडून, खांबांकडून. प्रत्येक दोनदाच. आणि मग एकदम सगळं गप्प, जसं काही तेही कान देऊन ऐकतायत. पुन्हा दोन. पुन्हा गप्प. त्या बाईला काय वाटलं असेल? आणि तरी तिने पोरीला सोडलं नाही.

चकव्यावर माझा विश्वास नाही. मी बी.एस्सी. झालेली आहे. पण तिसऱ्या हाकेला दार उघडलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

"मी जाते वर," मी म्हणाले. "माफी मागते तिची. कल्पेशलाही नेते."

"कुणाला भेटणार?" पुतळी म्हणाली. "आत्या नाय तिथं. मोटारसायकलवरून चार-पाच पोरं आली होती बदलापूरची. वाडीत फोन दाखवत फिरली, ही म्हातारी कुठंय म्हणून. आमी नाय सांगतलं. पण वर गेली ती. तवापासून आत्या नाय दिसली. आमाला वाटलं वांगणीला लेकीकडं गेली. लेक म्हणते, आलीच नाय."

विठाआत्या भात पिकायला लागलं की दरवर्षी धक्क्यावरच्या खोलीत राखणीला राहते. रानडुकरं येतात. कापणी झाली की वाडीत परत. नवरा गेला त्यानंतर तिचं जे काही आहे ते तेवढंच, मालधक्क्याखालचं भात.

पोलिसांकडे आम्ही दोघी गेलो, समीरही आला. त्यांनी नोंद घेतली. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या. मी व्हिडिओतली आई मीच आहे हे सांगितलं, ती चोर नाही हे लिहून दिलं. कल्पेशने व्हिडिओ काढून टाकला. तसं तो वाईट नाही. "मला काय माहीत वहिनी," एवढंच म्हणत राहिला, आणि मलाही ते खोडता येईना. पण त्याने काढून काय होणार? परवा आमच्या दूधवाल्याने मला तो दाखवला.

आणि आता जे लिहिते आहे ते मलाच नीट कळलेलं नाही.

पुतळी आणि मी आजवर बऱ्याचदा काळधोंडला जाऊन आलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा खोली उघडी होती. चूल गार. मडक्यात पाणी होतं, पण जुनं की ताजं, सांगता येईना. भात मात्र एका कडेने कापलेलं होतं, साधारण एक पथारी पसरता येईल एवढं. पेंढ्या नीट बांधून धक्क्यावर उभ्या केलेल्या. पुतळीने वाडीत विचारलं. कुणीच म्हणेना की आम्ही कापलं. पुढच्या खेपेला अजून एक पट्टा कापलेला. तारेवर ओलं लुगडं. पुतळी हरखली. "हाये, हाये! माणसांची चाहूल लागली की लपत असंल." ती रानाकडे तोंड करून तिच्या भाषेत कितीतरी वेळ बोलत राहिली, शेतावरच्या गोष्टी, कोण बाळंत झालं, कुणाची शेळी मेली. मी मागे उभी. तांदूळ, गूळ, मीठ, काडेपेटी, थंडीची शाल, जे नेलं होतं ते खोलीत ठेवून आलो.

नंतरच्या खेपेला तांदळाची पिशवी नव्हती. शाल तशीच होती, घडी न मोडलेली. मी पुतळीला म्हटलं, बघ, तिने तांदूळ नेले. पुतळी म्हणाली, माकडांनी पण नेले असतील.

आणि मागच्या खेपेला नवीन काही कापलेलं नव्हतं. उभं भात रानडुकरांनी एका बाजूने तुडवलं होतं. पिकलेले दाणे खाली झडत होते. पुतळीने विळा काढला आणि कापायला लागली. मी कधी भात कापलेलं नाही, पण मीही वाकले. मधेच ती थांबली आणि म्हणाली, "ताई, तिचं काम आपण केलं तर ती कशाला येईल?" कापायचं की ठेवायचं, ते आम्हाला ठरवता येईना. अर्धवट सोडून आलो.

समीर म्हणतो, शेजारच्या वाडीतलं कुणीतरी कापत असेल, तू आशा लावून बसू नकोस. सोनिया म्हणते, अनू, वो ठीक होगी, गाँव की औरत है, तगडी होती है. वाडीतले काही म्हणतात, ती कधीच गेली, तुम्ही पाहताय ते काही वेगळंच आहे. मला प्रत्येकाचं थोडा वेळ खरं वाटतं.

काळधोंडला आता दर रविवारी माणसं जातात. व्हिडिओमुळे जास्तच. बोगद्यात फोटो काढतात, धक्क्यावर बसून डबा खातात. तुमच्यापैकीही कुणी जाणार असेल. जा, जागा खरंच छान आहे. पण फोन खिशात ठेवा, आणि पाच मिनिटं त्या खोलीशी थांबा. चुलीतल्या राखेला हात लावून बघा, कोमट आहे का. भाताचा कापलेला भाग वाढलाय का, की उरलेलं तसंच उभं आहे, तेही बघा. आणि रानाच्या कडेला विटक्या लुगड्यातली बुटकी म्हातारी दिसली तर तिच्या मागे धावू नका. पायात काही आहे का, चालता येतंय का, हातापायाला लागलंय का, तेवढं लांबूनच बघा आणि खाली टेपवाडीत पुतळीचं घर विचारून तिला सांगा. पुतळी नसेल तर कुणालाही सांगा, निरोप माझ्यापर्यंत येईल. काहीच दिसलं नाही, तरी तेही सांगा. तिचं नाव विठा आहे. ती बरी आहे का, एवढं प्लीज बघून या.